तुम्ही बसलेल्या बाकावर रात्री कोण झोपतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. ऑक्टोबरमध्ये दहिसरहून तुम्ही चौदा जण एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला गेलात. दिंगबोचेला दोन रात्री राहिलात. तिथल्या लॉजवरची माणसं तुटक वागली असं तुमचं म्हणणं. चौघांना कांदा-लसूण नसलेलं जेवण हवं होतं, त्याला मालकीण कपाळाला आठ्या घालून "बघते" म्हणाली. मोबाइल चार्जिंगचे आणि गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे घेतले. रात्री साडेनऊला तुमची अंताक्षरी रंगात आलेली असताना एका मुलाने काही न बोलता शेगडीतला विस्तव सारला आणि एक दिवा मालवला. तो मुलगा दोन दिवसांत एकदाही हसला नाही. शेवटी तुम्ही विचारता, ही माणसं नेमकी कोण असतात, त्यांना पाहुण्यांशी वागायचं शिकवत नाहीत का, आणि मार्चमध्ये पुन्हा ग्रुप न्यायचाय तर लॉज निवडताना काय बघायचं?

मी 1998 पासून मुंबईतून ग्रुप नेतोय, आधी सह्याद्रीत आणि मग हिमालयात. पण या प्रश्नाचं उत्तर मला ग्रुप नेऊन कळलं नव्हतं. 2009 च्या शरदात मी दिंगबोचेच्याच एका लॉजवर दोन महिने राहिलो. पाहुणा म्हणून नव्हे, तर स्वयंपाकघरात हाताखालचा माणूस म्हणून. मालकिणीच्या ओळखीतला होतो, बटाटे सोलायला आणि पाणी आणायला दोन हात हवे होते, म्हणून तिने ठेवून घेतलं. त्याआधी कित्येक वर्षं मी अशा लॉजवर उतरत होतो आणि तिथली माणसं मला दिसत नव्हती, हे आज कबूल करतो.

आधी अंताक्षरीचं सांगतो, कारण तुमच्या बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

त्या जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीला लागून लाकडी बाक असतात, त्यांवर गालिचे घातलेले. मधे लोखंडी शेगडी. अख्ख्या लॉजमध्ये उबेची जागा ती एकच. पाहुण्यांच्या खोल्या प्लायवूडच्या, तिथे रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. पाहुणे उठून खोल्यांकडे गेले की त्याच बाकांवर लॉजची मुलं, गाइड आणि हमाल अंथरुणं टाकतात. तुम्ही बसला होतात तो त्या मुलाचा पलंग होता. तो पहाटे साडेचारला उठलेला होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेचारलाच उठणार होता. तुम्ही उठल्याशिवाय त्याला आडवं होता येत नव्हतं. "उठा" म्हणायची त्याला सोय नव्हती, म्हणून त्याने विस्तव सारला. माझे ग्रुपही असेच दहा-दहापर्यंत बसायचे आणि मीच गाणी सुरू करून द्यायचो. 2009 मध्ये बाकाच्या कडेला भिंतीला टेकून, डोळे मिटू न देता मी जेव्हा दुसऱ्या एका ग्रुपचा पत्त्यांचा डाव संपायची वाट बघत बसलो, तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता ही माणसं कोण, ते. मी होतो तिथे चाळीस पाहुण्यांची सोय होती आणि आम्ही सहा जण होतो. मालकीण, स्वयंपाकी, कामाला ठेवलेले दोन मुलगे, एक मुलगी आणि मी. मुंबईत चाळीस खाटांच्या लॉजला किती माणसं लागतात याचा अंदाज तुम्हाला असेलच, आणि तिथे नळाला पाणी असतं, खाली वाणी असतो, कपडे धुवायला माणूस असतो.

मालकीण बहुतेक ठिकाणी शेर्पा असते आणि लॉज म्हणजे तिचं घरच. सगळे तिला दीदी म्हणतात. नवरा अनेकदा मोहिमांवर असतो किंवा काठमांडूत, मुलं काठमांडूच्या बोर्डिंगात. मागे दगडी गडग्यांनी वेढलेली जवाची आणि बटाट्याची शेतं असतात, तीही तिचीच. हॉटेल चालवायला ती कुठे शिकलेली नाही हे खरं. पण तिला जे येतं ते कुठल्या हॉटेल मॅनेजमेंटमध्ये मी शिकवताना पाहिलेलं नाही. 2011 मध्ये माझ्या ग्रुपमधल्या मुलुंडच्या एका तिशीच्या मुलाचं डोकं दुपारपासून ठणकत होतं आणि त्याने ते माझ्यापासून लपवलं होतं. ट्रेक चुकेल ही भीती. दीदीने ताटं उचलताना त्याच्या ताटातला भात तसाच पडलेला पाहिला, मग तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरतोय हे पाहिलं. माझ्याशी काही न बोलता तिने त्याला हॉलमधल्या फळीच्या सांध्यावरून टाचेला चवडा लावत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तो कलंडला. मेंदूला सूज यायला लागली की तोल जातो, आणि तो तपासायची डॉक्टरांची पद्धतही हीच आहे. "तल झर्नुपर्छ," एवढंच ती म्हणाली, म्हणजे खाली उतरावं लागेल. रात्री आठला तिने लॉजवर कामाला असलेला एक मुलगा बरोबर दिला आणि आम्ही कड ओलांडून फेरिचेला गेलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, ही संस्था 1973 पासून उंचीच्या आजारावर काम करतेय. प्राणवायू लावला आणि पहाटे आणखी खाली नेलं. मुलुंडचा तो मुलगा आज दोन मुलांचा बाप आहे. तुमच्यातल्या प्रत्येकाने किती भात टाकला हेही तुमच्या दीदीने बघितलेलं असणार, आठ्या घातलेल्या असताना सुद्धा.

स्वयंपाकी आणि कामाची मुलं मात्र बहुधा शेर्पा नसतात. ती खालच्या जिल्ह्यांतून आलेली असतात. राई, तामाङ, मगर. खोटाङ, भोजपूर, ओखलढुंगा या भागांतून. घरी डोंगरउताराची शेती, ती वर्षभर पुरत नाही. म्हणून मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन हंगाम वर यायचं. आपल्या कोकणातून माणूस गिरणीत यायचा तसंच. शेर्पा आणि बाकीचे यांतला फरक मी मुद्दाम सांगतो, कारण आपण सगळ्यांनाच "शेर्पा" म्हणतो आणि मानतो की यांना उंची लागत नाही, थंडी वाजत नाही. दीड हजार मीटरवरच्या गावातून आलेल्या पोराला 4,410 मीटरवरचं दिंगबोचे तुमच्याइतकंच लागतं. त्याचंही डोकं दुखतं. फरक एवढाच, की तो त्याबद्दल बोलत नाही, कारण बोलला तर त्या दिवसाचा रोज बुडतो.

त्याचा दिवस सांगतो. पहाटे आधी पाणी. नळ्या रात्रीत गोठलेल्या असतात, म्हणून संध्याकाळी भरून ठेवलेल्या पिंपावरचा बर्फ फोडायचा. मग संडास. तिथे पाहुण्यांनी ओतलेलं पाणी जमिनीवर गोठून काच झालेलं असतं. ते लोखंडी सळईने फोडून काढायचं, नाहीतर कुणीतरी घसरून पडतं. हे काम मी आठवडाभर केलं आणि आठव्या दिवशी मला बदली मिळाली, त्या मुलाला दोन्ही हंगाम बदली नव्हती. सातपर्यंत चाळीस नाश्ते. मग खोल्या झाडणं, रजया उन्हात टाकणं, पाणी भरणं. दुपारी वाटेवरून येणाऱ्यांची जेवणं. त्याच्या मधे याकचं शेण गोळा करून थापून वाळवायचं, कारण 1976 मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हापासून ओलं झाड तोडायला बंदी आहे, आणि दिंगबोचेला तोडण्यासारखं झाडच नाही. तुमच्यासमोरची शेगडी त्या गोवऱ्यांवर जळत होती. चारला नवे पाहुणे येतात आणि आल्या आल्या चाळीस तोंडांना चहा हवा असतो.

स्वयंपाक्याची अडचण वेगळी. तिथे पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. त्यावर डाळ शिजत नाही, भात करकरीत राहतो. सगळं कुकरमध्ये, आणि शिट्टीला आपल्या दुप्पट वेळ. चुली दोन, फार तर तीन. आता तुमच्या चौघांचं कांदा-लसूण नसलेलं जेवण. ती मागणी चुकीची नव्हती. माणसाने आपला आहार सांभाळावा, मीही माझ्या आईचे उपवास डोंगरात पाळलेत. पण सहा वाजता, डाळीला फोडणी पडल्यावर ती सांगितली की वेगळा कुकर, वेगळी चूल आणि वेगळा गॅस लागतो. तोपर्यंत इतर दहा जणांचं जेवण थांबतं. हेच गाइडमार्फत चारला कळवलं असतं तर फोडणीआधी डाळ काढून ठेवली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता. त्या आठ्या तुमच्यावर नव्हत्या. ती मनातल्या मनात गॅस मोजत होती.

आणि गॅस म्हणजे वजन. तिथल्या सगळ्या गोष्टींचा हिशेब शेवटी वजनात होतो, हे एकदा डोक्यात बसलं की लॉजवरचं वागणं उलगडतं. लुक्लाच्या विमानतळापुढे मोटारीचा रस्ता नाही. तांदूळ, अंडी, रॉकेल, बिस्किटं, प्लायवूड, संडासाचं भांडं, सगळं कुणाच्या तरी पाठीवरून येतं. झोप्क्योच्या (म्हणजे याक आणि गाईच्या संकराच्या), खेचराच्या किंवा माणसाच्या. काही माल हेलिकॉप्टरने येतो, पण त्याचं भाडं लॉजला झेपेल तेव्हाच. भरलेलं सिलिंडर आपल्या घरच्यासारखंच, तीस किलोच्या आसपास. नामचेच्या बाजारापासून दिंगबोचेपर्यंत दोन दिवसांची चढण. तुमची गरम पाण्याची बादली म्हणजे आधी बर्फ वितळवायचा आणि मग तो तापवायचा. चार्जिंगचंही तसंच. नामचेकडे जलविद्युत आहे, वर मात्र बहुतेक ठिकाणी सौरपट्ट्या, आणि त्यांच्या बॅटऱ्याही पाठीवरूनच आलेल्या. खोलीचं भाडं जवळपास नाममात्र असतं ते यासाठी, की लॉज जगतं ते जेवणावर आणि या छोट्या वस्तूंवर. दरही एकटी दीदी ठरवत नाही, गावाची समिती ठरवते, म्हणून शेजारच्या लॉजवरही तेच दर दिसतात.

ज्याच्या पाठीवरून हे येतं तो लॉजचा नोकर नसतो, त्याचं नाव कुठल्या वहीत नसतं, पण मी त्याला लॉजचाच माणूस धरतो. तिकडे त्याला भरिया म्हणतात. बांबूची टोपली, डोको, पाठीवर, तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर, हातात टी आकाराची आखूड काठी, टोकमा. दम लागला की डोको जमिनीवर ठेवत नाहीत, कारण पुन्हा उचलणं जमत नाही. उभ्यानेच ती काठी मागे डोकोखाली टेकवतात आणि तसेच विसावतात. बेल्जियमच्या संशोधकांनी नामचेच्या बाजाराकडे जाणाऱ्या भरियांची वजनं केली, तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या पाठीवरचं ओझं सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के होतं, बायकांचं 66 टक्के. पाचातला एक पुरुष स्वतःच्या वजनाच्या सव्वापटीहून जास्त वाहत होता. ट्रेकिंगच्या हमालाला 30 किलोची मर्यादा मानली जाते, पण लॉजचा माल वाहणाऱ्याला किलोवर पैसे मिळतात. जितकं जास्त उचलेल तितकं घरी जाईल.

इथे मला थोडं घरचं सांगू द्या. माझे बाबा मशीद बंदरला दाणाबंदरात माथाडी होते. मी लहान असताना शंभर किलोची पोती असत. रात्री ते पालथे झोपायचे आणि आई मानेला तेल चोळायची, तिथे हाताएवढा घट्टा होता. 2009 मध्ये एकदा मी हौसेने नामचेहून वीस किलो नाम्लोवर घेऊन निघालो. तेंगबोचेची चढण संपेपर्यंत मान वळेना. वर पोहोचल्यावर एका म्हाताऱ्या भरियाने पट्टा सारून कपाळ पुसलं आणि त्याच्या कपाळावर मला आडवी खोबण दिसली, हाडापर्यंत गेल्यासारखी. मला बाबांची मान आठवली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले, 1969 चा कायदा झाला, मंडळ आलं, भविष्यनिर्वाह निधी आला, पुढे पोतीही पन्नास किलोची झाली. त्या निधीतूनच मी शिकलो. डोंगरातल्या त्या म्हाताऱ्याच्या मागे असं काहीच नव्हतं. ज्या शहराने ओझं वाहणाऱ्याला कायद्याने माणूस मानलं, त्या शहरातून आपण तिकडे जातो. तेव्हा आपण तरी त्याला ओळखलं पाहिजे, असं मला फार आतून वाटतं.

म्हणून मार्चमध्ये लॉज निवडताना काय बघायचं, याचं माझं उत्तर असं, की आधी एजन्सीला विचारा. खोल्यांना संडास जोडलेला आहे का, हे नंतर. हमालाचा विमा आहे का? एका हमालाकडे किती किलो? दोघांत एक हमाल आणि प्रत्येकी पंधरा किलोच्या आत, हे लेखी घ्या, आणि मग आपल्या माणसांना दादरला जमवून पिशव्या काट्यावर घाला. माझ्या एका ग्रुपमध्ये एकाने तीन किलोचा फराळाचा डबा शेवटच्या क्षणी कोंबला होता. तो मी परत घरी पाठवला आणि तो माणूस दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हमालाला बूट, जाड जाकीट आणि बर्फावरचा चष्मा आहे का ते लुक्लालाच डोळ्यांनी बघा. तो रात्री कुठे झोपणार, हेही विचारा. गोक्योच्या वाटेवर माछेर्मोला हमालांसाठी निवारा बांधावा लागला, तो उगाच नाही. हमाल आजारी पडला तर त्याला पैसे देऊन एकट्याला खाली पाठवायचं नसतं, सोबत माणूस द्यायचा असतो. कितीतरी हमाल असे एकटे उतरताना वाटेत गेलेत.

लॉजवर पोहोचल्यावर चौदा जणांचे चौदा पदार्थ मागवू नका. सगळ्यांचं मिळून दोन प्रकारांत बसवा, शक्यतो दालभात. तो ताजा असतो, पोटभर वाढतात, आणि लॉजची माणसंही तोच खातात. चव हवी असेल तर घरून शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट न्या, ते हलकं असतं. ऑर्डर पाचच्या आत, नाश्त्याची सुद्धा आदल्या रात्रीच. आठ-सव्वाआठला हॉलमधून उठा. गाणी म्हणायची तर जेवण यायच्या आधी म्हणा. मी अनुभवाने सांगतो, त्या वेळी मुलंही दारात येऊन ऐकतात, एखादा नेपाळी गाणंही म्हणतो. टिप फक्त गाइडच्या हातात देऊन निघू नका. हमालाला त्याच्या हातात द्या आणि लॉजवर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन स्वयंपाक्याला आणि मुलांना वेगवेगळी द्या. प्लास्टिक तिथे टाकू नका. जे वर आणलंत ते रिकामं झालं की हलकंच असतं, खाली न्या.

हे फक्त हिमालयाचं नाही. हरिश्चंद्रगडावर शनिवारी रात्री कोकणकड्याजवळ मुंबई-पुण्याचे शेकडो जण पिठलं-भाकरी खातात. पाचनईच्या बायका ते पीठ, तेल आणि सिलिंडर वर चढवतात, पाणी भरतात, रात्री उशिरापर्यंत भाकऱ्या थापतात आणि पहाटे पुन्हा पोह्यांची कढई चढवतात. तिथेही बारा वाजता "मावशी, अजून दोन चहा" असं सहज म्हटलं जातं. सवय लावायची तर तिथून लावा, मार्चला अजून वेळ आहे.

हसण्याचं मात्र राहिलं. तो मुलगा दोन दिवसांत एकदाही हसला नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं हे मला समजतं. आपण पाहुणे म्हणून गेलो की एक ओळखीचं हसू हवं असतं. पण ऑक्टोबर संपता संपता तिथला वारा इतका कोरडा होतो, आणि या मुलांचे हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात आणि तोंड चुलीच्या धगीसमोर असतं, की त्यांचे ओठ मधोमध फुटतात. हसलं की भेग उघडते आणि रक्त येतं. माझेही फुटले होते. महिनाभर मी तोंड मिटून बोलायचो आणि एका जर्मन बाईने मला तोंडावर विचारलं होतं, तुम्हाला आमचा काही राग आलाय का? मार्चमध्ये जाताना वॅसलीनच्या छोट्या डब्या घेऊन जा, सात-आठ. पहिल्याच संध्याकाळी द्या, निघताना नको.